अंधुक पडद्याचा ध्वनिमुद्रक : दुरुस्ती की निरोप?

प्रश्न : माझ्याकडे २००७ साली घेतलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, हातात मावणारा ध्वनिमुद्रक आहे. दर चवथीला आमच्या वाड्यावरच्या घुमट (मडक्यासारखे चर्मवाद्य) आरत्या मी त्यावर मुद्रित करतो. गेल्या दोन वर्षांत त्याचा पडदा इतका अंधुक झाला आहे की दिवसा अंगणात काहीच वाचता येत नाही. रात्री खोलीतला दिवा मालवला तरच अक्षरे कशीबशी दिसतात. नवे सेल घालूनही फरक पडला नाही. आवाज मात्र पूर्वीसारखाच स्वच्छ येतो. खाऱ्या हवेने असे झाले असेल का? पडदा सुधारेल, की यंत्रच बदलावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : दिवा मालवल्यावर अक्षरे दिसतात, हे आपण लिहिलेत ते फार बरे केलेत, कारण निम्मे निदान त्यातच आहे. एलसीडी पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. त्यामागचा दिवा मंदावला तर अंधारात काही दिसत नाही, उलट उन्हात किंवा तिरक्या टॉर्चच्या उजेडात अक्षरे वाचता येतात. आपल्याकडे नेमके उलटे घडते आहे. म्हणजे आपला पडदा ओएलईडी जातीचा, ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो, असे मानायला हरकत नाही. म्हणूनच कॉन्ट्रास्ट वाढवण्याचा किंवा मागचा दिवा बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो आपल्या कामाचा नाही.

ओएलईडीतील सेंद्रिय पदार्थांचा थर जितके तास प्रकाशतो, तितका तो झिजत जातो. हे तपासण्याची सोपी रीत अशी : अंधारात मेन्यूचे एखादे भरगच्च पान उघडा. मुद्रणाच्या वेळी आवाजाची पट्टी, उरलेला वेळ आणि बॅटरीचे चित्र जिथे कायम दिसत असते, त्या जागी त्यांचीच काळसर छाया उमटलेली दिसली, तर ती झीज आहे आणि ती भरून निघत नाही. छाया नसेल आणि सगळा पडदा सारखाच मंद असेल, तर आधी मेन्यूतील ब्राइटनेस पाहावा. तोही पुरेसा असेल, तर पडद्याच्या वीजपुरवठ्याकडे वळावे. ओएलईडीला दोन सेलांच्या ३ व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब लागतो आणि तो यंत्रातले एक छोटे मंडल (सर्किट) तयार करून देते. त्यातला एखादा कपॅसिटर निकामी झाला असेल, तर जाणता कारागीर तो अल्प खर्चात बदलू शकतो.

खाऱ्या हवेविषयी : आपल्या गोव्यात गंजलेल्या खिळ्यापासून बिघडलेल्या फ्रीजपर्यंत सगळ्याचे खापर तिच्यावर फुटते, पण इथे ती बहुधा निर्दोष आहे. ओएलईडीच्या आवरणात दमट हवा शिरली, तर काळे ठिपके पडतात किंवा कडेकडून काळोख आत सरकतो. आपण त्याविषयी काहीच लिहिलेले नाही.

नवा पडदा बसवता येतो, पण केवळ मापाचा मिळून भागत नाही. ठिपक्यांची संख्या, पडदा चालवणारी चिप आणि रिबनवरील (पडद्याला जोडणाऱ्या चपट्या पट्टीवरील) जोडण्यांचा क्रम हे सारे जुळावे लागते. त्यामुळे त्याच मॉडेलचे बंद पडलेले यंत्र मिळवून त्याचा पडदा काढणे, हाच व्यवहार्य मार्ग; मात्र तोही फार वापरलेला असला, तर पदरात पुन्हा अंधूकच पडदा पडेल. ब्राइटनेस वाढवून काही दिवस निभावते, पण झीज त्याहूनही वेगाने वाढते.

मी आपल्या जागी असतो, तर पडद्याला हात लावण्याआधी कार्डावरच्या सगळ्या आरत्या कार्ड रीडरने संगणकावर उतरवून घेतल्या असत्या. न दिसणाऱ्या मेन्यूत चाचपडताना कार्ड फॉरमॅट होणे हा पडद्यापेक्षा कितीतरी मोठा तोटा आहे. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ मुद्रणाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, म्हणजे २ जीबीच्या कार्डावर तीन तासांच्या आरत्या असू शकतात.

त्यानंतर एका रात्री अंधाऱ्या खोलीत सगळ्या सेटिंग एकदाच लावाव्यात आणि कोणते बटण किती वेळा दाबायचे, ते कागदावर टिपून ठेवावे. पडदा आपोआप बंद होण्याचा अवधी कमीत कमी ठेवावा. मुद्रणाची पातळी ठरवताना हात राखून असावे, कारण घुमटावरची थाप आणि कासाळ्याचा (मोठ्या झांजेचा) ठोका एकदम उसळतो. तालमीत सर्वांत मोठा आवाज -१२ डेसिबलच्या (० ही कमाल मर्यादा) आसपास राहील, अशी जागा शोधून तिथे पातळीच्या चकतीवर रंगाची खूण करावी. प्रत्यक्ष आरतीच्या वेळी मुद्रणाचा लाल दिवा आणि कानातले हेडफोन एवढ्यावर काम चालते. यंत्र बदलण्याची घाई मला दिसत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या रेकॉर्डरच्या एलसीडीतील काही आडव्या रेघा गायब आहेत, कडेला बोटाने दाबले की परत येतात.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : पडदा शाबूत आहे, जोडणी सैल झाली आहे. पडदा आणि सर्किटची पाटी यांच्यामध्ये रबराची पट्टी असेल, तर ती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, स्क्रू सारख्या ताणाने आवळावेत. पट्टीऐवजी चिकटवलेली रिबन असेल, तर ती ओढू नये. उष्णतेने पुन्हा चिकटवण्याचे काम सवयीच्या हातालाच द्यावे.