विहिरीतला लाल पट्टा

प्रिय लेकरा,

तुझी जगातल्या विक्रमांची वही दोन दिवस माझ्या उशाशी होती. अक्षर देखणं आहे आणि मेहनत दिसते. पण व्होस्तोकपाशी अडलो. अंटार्क्टिकातल्या त्या केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान होतं, असं तू लिहिलंस. बरोबर आहे. पण पारा तर उणे ३९ लाच गोठतो. मग मोजलं कशानं? अल्कोहोल उणे ११४ पर्यंत गोठत नाही, म्हणून अशा थंडीत त्याचे थर्मामीटर चालतात. ‘कशानं मोजलं’ हा प्रश्न तुझ्या वहीत कुठंच नाही, म्हणून हे पत्र.

लिबियातल्या अल अझिझियाचे ५८ अंश तू ‘जगातलं सर्वाधिक तापमान’ म्हणून लिहिलेस. ती नोंद १९२२ सालची. नव्वद वर्षं ती पुस्तकांत छापली गेली, मीही वर्गात शिकवली. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं ती रद्द केली. जुने कागद तपासले तेव्हा दिसलं, की नोंदी घेणारा माणूस नवखा होता, थर्मामीटर वाचायला किचकट होता आणि आकडा सुमारे सात अंशांनी चुकला असावा. आसपासच्या केंद्रांशीही तो जुळत नव्हता. खोडून टाक, पण खाली कारण लिही. ते कारण त्या आकड्यापेक्षा मोलाचं आहे.

दुसरी गोष्ट जरा जड मनानं लिहितो. चिली, जपान, अलास्का इथले सगळे भूकंप तुझ्या वहीत आहेत आणि किल्लारी नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं निजली होती. मी तेव्हा औशाला शिक्षक होतो. उजाडल्यावर मदतीला गेलो, तर गल्ल्या ओळखू येईनात. सुमारे दहा हजार माणसं गेली. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे तुझ्या यादीत हा भूकंप फार खाली येईल. पण माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींखाली, माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, ओझ्याखाली. आकडा हे सांगत नाही. आणि हा भाग स्थिर मानला जायचा! पुढं किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा कळलं की आपला काळा खडक, म्हणजे थिजलेला लाव्हा, तिथं ३३८ मीटर जाडीचा आहे. त्याखाली जुन्या गाळाचा पातळ थर आणि मग फार प्राचीन खडक.

याच मराठवाड्यात, हिंगोलीत औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. ती गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणणाऱ्या लहरी, टिपणार. २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांच्या मिलनातून उठलेली अशी लहर टिपली. ती सुमारे १३० कोटी वर्षं प्रवास करून आली होती आणि तिनं भुजेची लांबी जेवढी बदलली, तो बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. इतकं बारीक मोजायचं तर दूरच्या रस्त्यावरच्या ट्रकचा हादराही वेगळा काढावा लागतो. तुझ्या वयाच्या पोरांनी तिथं काम करावं असं मला फार वाटतं.

त्याआधी एक काम कर. मामाच्या शेतातल्या विहिरीत, पाणी उतरलं की, काळ्या थरांमध्ये गेरूसारखा लाल पट्टा दिसतो का बघ. आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींत असतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक लोट थंड झाला, त्याचा वरचा भाग कुजून माती झाला, आणि त्यावर पुढचा लोट आला. मधल्या त्या उसंतीची ती खूण. एकट्यानं वाकू नकोस, मामाला सोबत घे. दोरीला गाठी मारून पट्टा किती खोल आणि किती जाड ते मोज. दोरी कशी धरलीस आणि किती वेळा मोजलंस, तेही लिहून पाठव.

तुझा,
गुरुजी