नवं मोठं विमान कुठल्या मार्गावर घालायचं, हे विमान कंपनी कशावरून ठरवते?

तुमचा प्रश्न असा: एअर इंडियाने ए350 आणलं तेव्हा ते आधी बंगळूर-मुंबईसारख्या जेमतेम दोन तासांच्या मार्गांवर का फिरवलं, मग दुबई, लंडन, न्यूयॉर्क हा क्रम कशावरून ठरला, आणि आपल्या इंदूरहून असलं विमान कधी उडणार?

माझी नोकरीची बरीच वर्षं एका विमान कंपनीच्या शेड्यूलिंगच्या टेबलावर गेली. (एअर इंडिया नव्हे, त्यामुळे त्यांच्या आतल्या गोष्टी मला विचारू नका.) आता इंदूरला रामबागेत असतो, आणि तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग इथे ओटल्यावर मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. पण तो शेवटी घेऊ.

22 जानेवारी 2024 ला ए350 प्रवासी घेऊन उडालं ते देशातल्या देशात. लोकांना वाटलं, एवढं लांब पल्ल्याचं विमान आणून गल्लीत फिरवताहेत. यामागे वैमानिकांचं गणित असतं. प्रवासी घेऊन उडायचं तर वैमानिकाची मागच्या 90 दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात, आणि नव्या विमानावर हात बसवायचा तर त्याहून कितीतरी जास्त. पंधरा तासांच्या न्यूयॉर्क फ्लाइटमध्ये चार वैमानिक असतात आणि लँडिंग एकच. म्हणजे तिघे नुसते बघणार. बंगळूर-मुंबईला तेच विमान दिवसातून चार वेळा उतरतं. केबिन क्रू, इंजिनिअर, खाली सामान चढवणारे, सगळ्यांची तालीम त्यातच होते. शिवाय नवं विमान पहिल्या महिन्यांत कुरकुरतंच. ते मुंबईत अडलं तर प्रवाशांना दुसऱ्या विमानात बसवता येतं. न्यूयॉर्कला अडलं तर तीनशे माणसं हॉटेलात ठेवायची आणि दिल्लीत परतीची वाट बघणारी आणखी तीनशे.

मग खरं काम सुरू होतं. बाहेरच्यांना वाटतं, नकाशा पसरून ‘कुठे गर्दी आहे’ असं बघत असतील. टेबलावर पहिला प्रश्न असतो, विमानं किती आहेत आणि एक विमान घरी परत कधी येतं.

दिल्ली-लंडन घ्या. पाकिस्तानचं आकाश उघडं असताना जायला साधारण साडेनऊ तास, यायला साडेआठ. दोन्ही टोकांना साफसफाई, इंधन, जेवणाच्या ट्रॉल्या यासाठी दोन-दोन तास धरा. झाले बावीस. म्हणजे एकच विमान रोज त्याच वेळेला सुटू शकतं, वर दोन तासांची ढील. न्यूयॉर्कला जाताना पंधरा-सोळा तास, येताना चौदाच्या आसपास, मधले थांबे धरून चौतीस. हे चोवीसात बसत नाही, त्यामुळे रोजच्या सेवेला दोन विमानं लागतात. दोन विमानांचे अठ्ठेचाळीस तास, त्यातले चौतीस गेले, चौदा उरले. विमान उभं राहिलं तरी हप्ता चालूच असतो, म्हणून त्या फटीत काय बसेल ते शोधायचं. दिल्ली-दुबई जाऊन-येऊन, थांब्यांसकट, दहा तासांत होतं. 1 मे 2024 पासून ए350 दिल्ली-दुबईवर दिसू लागलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती, पण असल्या फेऱ्या अशाच कामाला येतात.

पहिल्या खेपेत त्यांची ए350-900 होती सहा. 1 सप्टेंबर 2024 पासून लंडन, आठवड्याला 14 फेऱ्या, म्हणजे दोन विमानं गुंतली. 1 नोव्हेंबरपासून न्यूयॉर्क, आणखी दोन. उरली दोन. त्यातलं एखादं हँगरमध्ये जाणार हे धरूनच चालायचं. एवढ्यातच पत्ते संपतात. ‘टोरांटोला का नाही, सिडनीला का नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरी चाळणी पुढच्या सीट्सची. या विमानात 316 जागा: 28 बिझनेस, 24 प्रीमियम इकॉनॉमी, 264 इकॉनॉमी. मागच्या 264 जागा दिवाळीत, मे महिन्यात कुठल्याही मार्गावर भरतात. पण फेब्रुवारीतल्या मंगळवारी सुद्धा पुढच्या 28 जागा पूर्ण पैशांत कोण घेतं? बँका, आयटी कंपन्या, वकील ज्या दोन शहरांमध्ये ये-जा करतात, तिथेच. म्हणून प्रवाशांची संख्या सारखी असली तरी नवं केबिन आधी लंडन-न्यूयॉर्कला जातं, आणि घरच्या लोकांना भेटायला जाणाऱ्यांच्या मार्गावर जुनं विमान राहतं. कटू आहे, पण आमच्या टेबलावर यावर कधी वाद झालेला आठवत नाही.

तिसरी चाळणी कायद्याची, आणि मला सगळ्यात आवडणारी. दोन देशांमधल्या करारात हक्क कशात मोजलेत ते बघायचं. दुबईच्या एमिरेट्स कंपनीला कॅनडात आठवड्याला तीनच फेऱ्या मिळत होत्या. जागांना मर्यादा नव्हती. त्यांनी काय केलं? 2009 च्या मंदीत न्यूयॉर्कचं ए380 काढून घेतलं आणि 1 जूनपासून टोरांटोला लावलं. तीनच वेळा जाऊ देताय ना, मग सगळ्यात मोठं विमान घेऊन येतो. उलट भारत-दुबई करारात जागा मोजतात, आठवड्याला प्रत्येक बाजूला सुमारे 65 हजार. तिथे मोठं विमान आणलं की कोटा लवकर संपतो, एवढंच. एकच विमान, पण कराराच्या एका ओळीवरून ते एका मार्गावर सोन्याचं होतं आणि दुसऱ्यावर साधंच राहतं.

लंडनच्या हीथ्रोसारख्या विमानतळावर कराराच्याही आधी स्लॉट आडवा येतो. उतरायची-सुटायची वेळ ठरलेली, नवी मिळत नाही, आणि मिळालेली 80 टक्के तरी वापरली नाही तर पुढच्या हंगामात हातची जाते. फेरी वाढवता येत नाही म्हटल्यावर विमान मोठं करणं एवढंच उरतं. ए380 चं पहिलं प्रवासी उड्डाणही सिंगापूर एअरलाइन्सने ऑक्टोबर 2007 मध्ये सिडनीला केलं, आणि पुढच्या वर्षी ते लंडनला नेलं.

आणि हे सगळं जुळवून ठेवलं तरी आकाश आपल्या मालकीचं नसतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. वर लंडनच्या वर्तुळात दोन तासांची ढील म्हणालो ना, ती अशा वेळी वळसा घेण्यातच खर्ची पडते. अमेरिकेच्या काही फेऱ्यांना युरोपात इंधनासाठी थांबावं लागलं. 1 सप्टेंबर 2025 पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच थांबवली. कारणं दोन दिली: हे बंद आकाश, आणि जुनी बोइंग 787 विमानं नूतनीकरणाला गेल्यामुळे पडलेला तुटवडा.

आता इंदूर. आपली धावपट्टी पावणेतीन किलोमीटरची, शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ असते, आणि पूर्ण इंधन भरलेल्या मोठ्या विमानाला तेवढ्या पट्टीवरून उठायचं तर वजन कमी करावं लागतं. म्हणजे माणसं किंवा माल खाली ठेवायचा. शिवाय ए350 च्या पंखांचा पसारा जवळजवळ 65 मीटर आहे, रोज इथे येणाऱ्या ए320 चा 36 मीटरच्या आत. उभं करायची जागा, टॅक्सीवे (धावपट्टीपर्यंत जायचा रस्ता), अग्निशमन दलाची श्रेणी, सगळंच वाढवावं लागतं. पण खरं सांगायचं तर हे पैसे टाकून सुटणारे प्रश्न आहेत. न सुटणारा प्रश्न तोच, फेब्रुवारीतला मंगळवार.

जुलै 2019 मध्ये एअर इंडियाने इंदूर-दुबई सुरू केली, आपली पहिली आंतरराष्ट्रीय सेवा. तीही एकाच आयलच्या (सीट्समधून जायची वाट एकच असलेल्या), ए320 जातीच्या विमानाने, आणि तेच बरोबर होतं. पुढे लांबचं काही थेट आलं तर तेही ए321 एक्सएलआरसारख्या विमानाने येईल, असा माझा अंदाज आहे. इंडिगोने ते मागवलेलं आहे, पल्ला 8,700 किलोमीटर. दोनशेच्या आसपास जागा भरणं निराळं, 316 भरणं निराळं.

तोवर इंदूरचा वाटा दिल्ली-मुंबईच्या मोठ्या विमानांत असतो, आणि तो मोजला जातो. लंडनची फेरी ठरवताना आम्ही पाहायचो की तिच्या दोन-तीन तास आधी कुठून-कुठून विमानं येऊन पोचतात: इंदूर, भोपाळ, नागपूर, बडोदा. जोडणी चुकत असेल तर लंडनचं विमान हलत नाही, इंदूरचं पंधरा-वीस मिनिटं अलीकडे-पलीकडे होतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यासाठी वर आणखी वेळ सोडायचा. सकाळच्या फ्लाइटची वेळ दर हंगामात थोडी का सरकते, असं इथे लोक विचारतात. पुष्कळदा ती कुठल्यातरी मोठ्या विमानापायी सरकलेली असते.

एक कामाची गोष्ट. पैसे वाचवायला पुष्कळ जण इंदूर-दिल्ली वेगळं आणि दिल्ली-लंडन वेगळं तिकीट काढतात. मग इंदूरचं विमान उशिरा पोचलं आणि पुढचं चुकलं तर जबाबदारी तुमची. आणि कंपनीच्या हिशेबात तुम्ही दिल्लीचे प्रवासी ठरता. इंदूरहून लंडनला कुणी गेलं, हे त्या तक्त्यात दिसतच नाही. एकाच पीएनआरवर काढलंत तर बॅगेला लंडनचा टॅग इंदूरलाच लागतो, आणि नावही इंदूरच्या रकान्यात पडतं.