परवानगी आधी, पाया नंतर

घर बांधायला प्लॉट घेतलात, अभिनंदन! घराचा नकाशा काढायची घाई मात्र करू नका. आधी भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज करा आणि 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात घ्या. सातबाऱ्यावर दीड गुंठा असला तरी जागेवर तेवढा भरेलच असं नाही. सामासिक अंतरं (हद्द आणि इमारत यांच्यात मोकळी सोडायची जागा) जागेवरच्या हद्दीपासून मोजली जातात, त्यामुळे फूटभर फरकानेही नकाशा परत येतो.

मग झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते याचा दाखला) काढून रस्तारुंदीची रेषा प्लॉटमधून जात नाही ना, ते बघा. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या सहधारकांची संमती लागते. इथेच बऱ्याच फाईली अडकतात. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीचा नुसता ठराव पुरत नाही.

नवखे लोक हमखास करतात त्या चुका:
- प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची लेखी परवानगी) मिळायच्या आत पाया खणणं. 'सगळेच करतात' म्हणणारा ठेकेदार नोटीस आली की फोन उचलत नाही.
- जोत्याची (पायावरच्या चौथऱ्याची) तपासणी न करता भिंती चढवणं.
- मिस्त्रीच्या सांगण्यावरून जिना दोन फूट बाहेर काढणं. पुढे भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायला वापरण्याची परवानगी) त्यावरच अडतं.

परवानगी एक वर्षाची असते; काम सुरू झालं नाही तर मुदत संपण्याआधीच वाढवून घ्या. एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण), टीडीआर (दुसरीकडून घेतलेला बांधकामाचा हक्क) तूर्त आर्किटेक्टवर सोडा.