कार्टूनमध्ये दोघांची मैत्री रंगांवरून कशी कळते?

भाचा ऐरोलीला राहतो. शाळेतून आला की दप्तर टाकून डोरेमॉन लावतो. आवाज बंद असला तरी कोण कोणाचा दोस्त हे त्याला बरोबर कळतं. रंगांमुळेच.

डोरेमॉन निळा, नोबिताचा शर्ट पिवळा. पडद्यावरच्या प्रकाशात हे दोन रंग एकमेकांचे विरोधी, त्यामुळे शेजारी उभे राहिले की दोघंही उठून दिसतात. पण खरी गंमत पुढे आहे. डोरेमॉनच्या गळ्यातली घंटी पिवळी आणि नोबिताची चड्डी निळी! म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर दुसऱ्याचा थोडा रंग. चित्रकारानं मुद्दाम केलं की नाही देव जाणे, पण डोळ्यांना ती जोडी वाटते खरी.

आकारही बोलतात. 2007 मध्ये आलेल्या फिनिअस अँड फर्बमध्ये एकाचं डोकं त्रिकोणी, दुसऱ्याचं उभट चौकोनी. एक बडबड्या, एक मितभाषी. (ते सावत्र भाऊ, पण वागतात दोस्तांसारखेच.)

भांडण दाखवायचं तर दोघांमध्ये खांब, झाड, दाराची चौकट येते. समेट झाला की ती मधली रेघ गायब. पुढच्या वेळी आवाज बंद करून बघा.