कलर मारायच्या आधी पाणी शोधा

प्रश्न: बेडरूममधलं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून आहे, त्याच्या मागे काळे ठिपके आलेत. दोनदा ब्लीचनं पुसून वरून कलर मारला, काही महिन्यात परत तेच, आता कपड्यांना पण कुबट वास येतो. पेंटर म्हणतो अँटीफंगल पेंट मारा, आणि मिस्टर म्हणतात वरच्यांचं बाथरूम गळतंय. कुणाचं खरं मानायचं?

उत्तर: ताई, तिसऱ्यांदा कलर अजिबात मारू नका. बुरशीचे बीजाणू सगळ्यांच्याच घरात हवेत असतात, ते काही तुम्ही हाकलू शकत नाही, पण त्यांना वाढायला ओल लागते आणि ती कुठून येतेय हे तुमच्याकडे अजून कुणी बघितलेलंच नाहीये. अँटीफंगल पेंट सुद्धा कोरड्या भिंतीवरच टिकतो, ओल्या भिंतीवर मारला तर पोपडे येणार आणि पैसे गेले.

वरच्यांशी भांडायच्या आधी डाग नीट बघा. वरून पाणी येत असेल तर बहुतेक वेळा सिलिंगवर किंवा भिंतीच्या वरच्या भागात पिवळट-तपकिरी कडा असलेला डाग दिसतो आणि वर पाणी वापरलं की तो वाढतो (पण पाणी स्लॅबमधून लांबवर सरकू शकतं, त्यामुळे डाग जिथे आहे तिथेच गळती असेल असं नाही). पाऊस पडून गेला की एक-दोन दिवसात ओल वाढते? मग बाहेरच्या प्लास्टरची चीर, खिडकीच्या चौकटीची फट, गच्चीचं पाणी जायची वाट हे तपासा. ओल जमिनीकडून वर चढत असेल तर ती सहसा साधारण मीटरभरच वर जाते, आणि पांढरी पावडर सुटते. ही पावडर म्हणजे बुरशी नाही, ते भिंतीतलं मीठ आहे, पाण्याचा थेंब टाकला की विरघळतं, पण भिंतीत पाणी मुरतंय हे मात्र त्यावरून नक्की कळतं.

तुमच्या वर्णनावरून मला चौथीच शंका जास्त येते, कारण ठिपके फक्त कपाटामागे आहेत. बाहेरची भिंत गार, कपाटामुळे तिथे हवा खेळत नाही, आणि आंघोळीची वाफ, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा त्या गार भिंतीवर जाऊन बसतो, गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो ना, तसंच. खात्री करायची सोपी रीत अशी की कपाट सरकवा, तो भाग पुसून कोरडा करा, वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. दुसरं निघालं तर सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्या, दोन तास कुणी पाणी वापरायचं नाही, तरी काटा पुढे गेला तर तुमच्याच पाइपात गळती आहे. तिथे काही नसेल तर मग वरच्यांना विनंती करा की बाथरूमचा ट्रॅप बंद करून २४ तास थोडं पाणी साठवून ठेवा, खाली ओल वाढली की वादच मिटला.

दमटपणाच निघाला तर एक छोटा ह्युमिडिटी मीटर आणा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहायला पाहिजे, ३० ते ५० मध्ये राहिला तर उत्तमच. कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा. आणि एक्झॉस्ट फॅनची हवा खरंच घराबाहेर जाते का तेही बघा, कित्येक घरात ती फॉल्स सीलिंगमध्येच सोडलेली असते!!

साफसफाई हे सगळं झाल्यावर. डाग साधारण एक चौरस मीटरच्या आत असेल तर घरी करता येतं: एन-९५ मास्क, ग्लोव्हज, गॉगल, खिडकी उघडी, खोलीचं दार बंद. साबणाच्या पाण्यानं पुसा, कोरडा ब्रश घासू नका, त्यानं सगळं हवेत उडतं. ब्लीच प्लास्टरच्या आत फारसं पोचतच नाही, आणि ते टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियामध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. फुगलेलं प्लास्टर काढूनच टाका, आणि यापुढे कुठेही पाणी सांडलं-गळलं तर २४ ते ४८ तासात वाळवायचं, त्यानंतर बुरशी धरायला लागते.

प्रश्न: मुलाला दमा आहे. एक जण म्हणाला काळी बुरशी विषारी असते, आधी हवेची लॅब टेस्ट करा, मग मीच ट्रीटमेंट करून देतो. करू का?

उत्तर: नको. रंगावरून बुरशी विषारी की नाही ते कळत नाही, आणि बुरशी डोळ्याला दिसतेय तर टेस्ट करून नवीन काय कळणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सुद्धा हवेतल्या बुरशीचा सुरक्षित असा आकडा दिलेला नाही, ओल आणि बुरशी हटवा एवढंच सांगितलंय, कारण दम्याशी संबंध ओलीचाच दिसून येतो. तोपर्यंत मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा, साफसफाई चालू असताना तर घरातच ठेवू नका, आणि त्याच्या डॉक्टरांना घरात ओल आहे हे आवर्जून सांगा. तपासणी करायचीच असेल तर जो ट्रीटमेंट विकत नाही अशा माणसाकडून करून घ्या. त्याच्याकडे मॉइश्चर मीटर पाहिजे, आणि ओल कुठून येतेय, काय दुरुस्त करायचं, हे रिपोर्टमध्ये लिहून मागा, नुसती बुरशीची नावं लिहून दिली तर पैसे देऊ नका.