बांबूचा माचा व्हिस्क कोणता घ्यावा आणि पावसाळ्यात तो टिकवायचा कसा?

तुमचा प्रश्न असा, की माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड, घुसळायला ऑनलाइन मागवलेल्या बांबूच्या व्हिस्कला ठाण्यात ऐन पावसाळ्यात बुरशी लागली, काही काड्याही तुटल्या. आता ८० काड्यांचा घ्यावा, १०० चा घ्यावा, की सरळ बॅटरीवरचा फ्रॉदर, म्हणजे फेस काढायचं छोटं यंत्र, घेऊन मोकळं व्हावं? मी ओसाकात राहते आणि उरासेन्के या जपानी चहाविधीच्या परंपरेतल्या एका शिक्षिकेकडे चहा करायला शिकते. या व्हिस्कला इथे चासेन म्हणतात आणि तो माझ्या रोजच्या हातातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काड्यांच्या आकड्यावर फार अडून बसू नका. रोजच्या पातळ, फेसाळ माचासाठी ८० पुरे, १०० चा असेल तर फेस थोडा लवकर येतो, एवढाच फरक. कमी आणि जाड काड्यांचे चासेन घट्ट माचासाठी असतात. त्यात पावडर जवळजवळ दुप्पट आणि पाणी कमी, त्यामुळे तो घुसळत नाहीत, हळूहळू घोटतात. तुम्हाला तूर्त त्याची गरज नाही.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे काडीचं टोक. जपानमध्ये बनणारे बहुतेक चासेन नारा प्रांतातल्या इकोमा शहराच्या ताकायामा भागात होतात. जवळपास पाचशे वर्षांची ही कारागिरी, आणि १९७५ साली तिला सरकारची पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता मिळाली. ओसाकाहून ते लांब नाही, जाऊन बघण्यासारखं आहे. हिवाळ्यात तिथे शेतांमध्ये उकळलेल्या बांबूच्या काठ्या एकमेकींना टेकवून उन्हात वाळत उभ्या केलेल्या दिसतात. मग हा बांबू काही वर्षं तसाच मुरू देतात आणि त्यानंतर कामाला घेतात.

अख्खा चासेन एकाच तुकड्यातून होतो, काड्या वेगळ्या आणून चिकटवलेल्या नसतात. ८० चा करायचा तर बांबूचं तोंड आधी १६ भागांत चिरतात, मग प्रत्येक भागाच्या दहा बारीक काड्या करतात. झाल्या १६०. त्यांतल्या ८० बाहेर राहतात, ८० आत जातात आणि मधे दोरा गुंफला जातो. पण खरी कसोटी टोकं तासताना लागते. गरम पाण्यात भिजवून मऊ केलेली काडी कारागीर टोकाकडे निमुळती, जवळजवळ कागदाएवढी पातळ करत नेतो. नंतर बाहेरच्या प्रत्येक काडीच्या कडा मारतो, म्हणजे चहा तिला चिकटून राहत नाही. टोक नीट तासलेलं असेल तर काडी लवते आणि परत जागेवर येते. बऱ्याच स्वस्त मालात टोक जाडच राहतं, मग ती काडी लवण्याऐवजी मोडते. तुमच्या काड्या तुटण्याचं एक कारण हेही असू शकेल.

म्हणून घेताना फोटो मोठा करून बघा. काड्या बुडाशी जाड आणि वर जाताना बारीक होत गेल्या आहेत का, टोकं एकसारखी आत वळली आहेत का, दोरा घट्ट आणि सरळ आहे का. कुठे बनलाय ते स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो सोडून द्या. रंगाची काळजी नको. आमच्या उरासेन्केत पांढरट बांबू वापरतात. चहाविधीच्या दुसऱ्या दोन परंपरांपैकी ओमोतेसेन्केत जुन्या घरांच्या छपरात धुरानं तांबूस झालेला, तर मुशाकोजीसेन्केत काळपट. हा परंपरेचा भाग आहे. गडद चासेन म्हणजे जास्त चांगला, असं नाही.

आता वापर. चहा करण्याआधी काड्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा. ही पायरी कधीच गाळू नका, कोरडा बांबू ठिसूळ असतो. साधारण २ ग्रॅम माचा बारीक गाळणीतून चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या फोडायच्या नादात हात जोर लावतो. पाणी ७० मिलिलिटरच्या आसपास आणि ८० अंशांचं, म्हणजे उकळल्यावर थोडं निवू दिलेलं. भांडं रुंद तोंडाचं हवं. मगमध्ये काड्या भिंतींवर आपटतात. दही लावायचा चिनी मातीचा रुंद वाडगा असेल तर उत्तम.

आपल्याला ताक घुसळायच्या रवीची सवय, म्हणून हात आपसूक गोल फिरतो. इथे तसं करायचं नाही. सुरुवातीला एकदा तळाशी सावकाश फिरवून पावडर सोडवा, मग चासेन तळापासून किंचित वर उचला आणि मनगट सैल ठेवून पुढे-मागे झपझप हलवा. खांदा आणि कोपर स्थिर. टोकं तळाला घासल्याचा आवाज येत असेल तर तुम्ही दाबताय. पंधरा-वीस सेकंदांत फेस येतो. मग वेग कमी करून पृष्ठभागावरचे मोठे बुडबुडे फोडा आणि मधोमध हळूच उचलून घ्या.

झालं की लगेच धुवा. साबण नाही, डिशवॉशर तर नाहीच. बांबू साबण शोषतो आणि तो वास पुढच्या चहात उतरतो. वाडग्यात स्वच्छ कोमट पाणी घेऊन त्यातच दोन-चारदा हलवा, मग नळाखाली धरा. आतल्या काड्यांच्या बुडाशी हिरवा लगदा अडकतो, तो बोटांनी अलगद काढा. काड्या हिरवट पडल्या तर तो निव्वळ डाग आहे, घासू नका.

तुमच्याकडची बुरशी बहुतेक डबीमुळे आली असणार. चासेन ज्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून येतो ते फक्त प्रवासापुरतं असतं. ओला चासेन त्यात बंद केला की बुरशी ठरलेलीच, आणि कोकणपट्टीच्या जुलैत तर अगदी थोडी ओलही पुरते. झटकून पाणी काढा आणि ओला असतानाच चिनी मातीच्या स्टँडवर बसवा, म्हणजे काड्यांचा घाट टिकतो. काही तासांनी स्टँडवरून काढून पंख्याखाली उघडा ठेवा, कारण स्टँडवर असताना आतली बाजू उशिरा वाळते. कडक ऊन आणि गॅसची शेगडी दोन्ही टाळा, बांबू तडकतो. बुरशी लागलेला जुना मात्र टाकूनच द्या. दोऱ्याच्या आत गेलेली बुरशी घरी निघत नाही.

एखाद-दुसरं टोक तुटलं तर तुकडा चहातून काढा आणि चासेन खुशाल वापरा. तुटकी टोकं वाढत गेली की मात्र बदला, कारण ते तुकडे घशाखाली जायला नकोत. सगळी काळजी घेऊनही ती वेळ येतेच, ही वस्तू झिजण्यासाठीच बनलेली आहे. जपानमध्ये काही मंदिरांत जुने चासेन जमा करून, त्यांचे आभार मानून अग्नीला देण्याचा विधीही होतो.

राहिला फ्रॉदर. थंड दूध घालून माचा लाटेच पिणार असाल तर तो घ्या, माझी काहीच हरकत नाही. दुधात चासेनचं काम वाया जातं, वर दुधाचा स्निग्धपणा काड्यांत अडकून धुणं अवघड होतं. पण नुसत्या पाण्यातला माचा प्यायचा असेल, तर फ्रॉदरनं बुडबुडे मोठे येतात आणि जिभेवर चहा पातळ लागतो. त्यासाठी ८० काड्यांचा एक नीट तासलेला चासेन आणि एक स्टँड घ्या. पावसाळा संपायची वाट बघू नका.