वेशीतला कोरीव दगड

प्रश्न : आमच्या गावच्या वेशीत मारुतीच्या देवळाला लागून एक कोरीव दगड आहे. म्हातारी माणसं त्याला गावचा राखण्या म्हणतात. यंदा जत्रेआधी पोरांनी त्याला ऑइल पेंट द्यायचं ठरवलंय. गाव कधी वसलं ते या दगडावरून कळेल का? सोबत फोटो पाठवला आहे.
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, आधी तो रंगाचा डबा बाजूला ठेवायला सांगा.

हा वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. कन्नडात कल्लु म्हणजे दगड, त्यातलाच हा ‘गळ’. फोटोत खालच्या चौकटीत गाई आहेत, एकीच्या पोटाशी वासरू आहे आणि पुढं ढाल-तलवार घेतलेला गडी. गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याचं नाव राहो.

गाव वसल्याची तारीख यात नाही. पण राखायला गुरं होती आणि मेलेल्यासाठी दगड घडवून घेणारी माणसं होती, म्हणजे गाव तेव्हा नांदतं होतं. साल कळायला दगडावर कोरलेला लेख लागतो. तुमच्याच तालुक्यात खिद्रापूरला यादव राजा सिंघणाच्या दानाचा शके ११३६ चा लेख आहे.

वस्तीचं वय पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या मातीत शोधा. काळीत पीक, पांढरीत माणूस. राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान् पिढ्या साठून गावठाण उंच होत जातं. पाया खणताना निघालेली खापरं फेकू नका. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली उत्खनन झालं, तेव्हा थराखाली थर उलगडत थेट सातवाहनकाळची वस्ती लागली.

माझ्या आजोळी असाच वीरगळ ओढ्यावर धुणं धुवायला आडवा टाकलेला होता. लहानपणी मीही त्यावर पाय घासलेत. त्याचं मोल कळलं तोवर वीराचं तोंड झिजून सपाट झालं होतं. ते आठवलं की अजून जिवाला लागतं.

तुमचा दगड साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवा. तारेची घासणी नको, ॲसिड तर नकोच. भक्तीनं तेल वाहायचं तर पुढ्यात दिवा लावा. मग दिवस मावळताना तिरपं ऊन पडलं की जवळ बसून दोन चौकटींमधली पट्टी न्याहाळा. अक्षरं असली तर बहुतेक तिथंच असतात. दिसली तर लगेच फोटो पाठवा, मी वाट बघतोय.